उदयसिंगभाऊंचा कॉम्प्युटर

तनुजा कॉम्प्युटरची तयारी करायला बसली की मी मेथी निवडायला तिच्या मागच्या खाटेवर जाऊन बसायचे. तिच्या खेळातलं मला काही कळत नाही, पण तयारी बघण्यासारखी असायची.

"आत्या, हे पाह्य," ती म्हणायची. "आपण उघडलं एकच, अन् मागं किती जण चालू हायेत. सगळे फुकट खाऊन राह्यले."

मग मागं चालणाऱ्या प्रोग्रामांना एकेक करून बंद करायची. मशीन सुरू झालं की आपोआप जागे होणारे आधी झोपवायची. खिडक्यांच्या सावल्या, चकचकाट काढून टाकायची. विजेची काटकसर बंद करून सगळी ताकद खेळाकडं वळवायची. चांगला कीर्तनकार अभंगाला हात घालण्याआधी माईकवाला, मृदंगवाला, पुढं बसून कुजबुजणाऱ्या बायका, सगळ्यांना नुसत्या नजरेनं जागेवर आणतो ना, तसं. आमच्या घराण्यात एवढं एकचित्त होऊन बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ चंपत, वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडतानासुद्धा मोबाईलवर बोलतो.

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. कारंज्याच्या एक्स्चेंजमध्ये उभी हयात गेली. यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, आणि कारण शोधलं की सापडतं, हे मी तिथं शिकले. निवृत्तीनंतर शेलूबाजारला भावाकडं आले ती दोन गोष्टींसाठी. एक ही पोर, आणि दुसरं म्हणजे इथल्या मारुतीच्या पारावरची कीर्तनं.

तनुजा पाच जणांच्या संघात खेळायची. बाकीचे चौघं कोणी अकोल्याचे, कोणी नागपूरचे. अश्वजित नावाचा पोरगा त्यांचा कप्तान. ज्यानं त्यानं आपल्या घरून खेळायचं. रविवारचा सामना जिंकला तर संघाला पुण्यात राहून खेळ शिकायची संधी मिळणार होती, पण मागच्या दोन सामन्यांत ऐन मोक्याला हिचं मशीन अडकलं आणि ही खेळात मारली गेली. अश्वजितनं सरळ सांगितलं होतं, की रविवारी पुन्हा तसं झालं तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल. चंपतनंही बजावलं होतं, "मंग गुपचूप मेथीच्या जुड्या बांधायच्या."

मशीन जुनं होतं, पण दणकट. चौकातल्या उदयसिंगभाऊंच्या फोटो स्टुडिओतलं. भाऊ गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू मोहनसिंग यांनी ते आम्हाला दिलं. सप्ताहातल्या कितीतरी कीर्तनांचं शूटिंग भाऊंनी त्याच मशीनवर जुळवलं होतं.

तनुजानं ते घरी आणल्या आणल्या पार धुऊन काढलं होतं. आतलं सगळं पुसून नवं भरलं. म्हणून मला त्या ओळीचं नवल वाटलं.

सगळं बंद केल्यावर चालू प्रोग्रामांच्या यादीत एक ओळ उरायची. तिला नाव नव्हतं. तनुजा ती बंद करायची, ओळ जायची, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत परत यायची.

"हे काय असते?" मी विचारलं.

"काय मालूम. काही खात नाही, पीत नाही. नुसतं हाये." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "पण आत्या, मशीन अटकते ते याच्यानंच. मधूनच एखाद्या खेपेला अस्सं होते." तिनं खुर्चीतच अंगाचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकून दाखवला.

मला ते बघून कसंसंच झालं. काहून झालं, ते तेव्हा कळलं नाही.

तिनं मशीन पुन्हा कोरं केलं. ओळ होतीच. मग ती म्हणाली धुळीनं गरम होत असेल, आणि खोकं उघडून बसली. पंख्याच्या पात्यांत बोट घालून पंखा थांबवला.

गुणगुण थांबली नाही.

ती गुणगुण मी रोजच ऐकत होते, पंख्याची म्हणून. तनुजाचं तिकडं लक्षही नव्हतं. तिच्या कानांवर हेडफोन. पंखा थांबलेला, आणि सूर तसाच, बारीक, भरलेला, एकाच जागी उभा. हा सूर मला पाठ होता. एवढी वर्षं पारावर बसून ऐकला होता.

सप्ताह बसला की वीणा खाली ठेवत नाहीत. अहोरात्र कोणीतरी ती गळ्यात घालून, डाव्या खांद्याला लावून उभं असतं. त्याला पहारा म्हणतात. पुढचा पहारेकरी येतो, उभ्याच्या पायाला हात लावतो, दोन्ही हात पुढं करून मागतो, तेव्हाच ती त्याच्या स्वाधीन करायची. आपणहून द्यायची नाही, आणि दिल्याशिवाय बसायचं नाही.

उदयसिंगभाऊंसारखा पहारा मी कोणाचा पाहिला नाही. उंच माणूस, पांढरा फेटा, डोळे अर्धे मिटलेले. एकदा पुढचा माणूस आलाच नाही, तर भाऊ दुपार कलेपर्यंत उभे होते, आणि चेहऱ्यावर त्रासाची रेघ नाही. शेवटच्या वर्षी मात्र थकले होते. मधूनच भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचे. क्षणभर तार अडकायची, परत चालू व्हायची.

दुपारच्या पहाऱ्यात उभ्या-उभ्याच गेले. मी मांडवात होते. लोकांनी त्यांना सावरलं, तेव्हा वीणा जमिनीला लागू दिली नव्हती त्यांनी. कोणीतरी ती त्यांच्या गळ्यातून सोडवली आणि गडबडीत खुंटीला अडकवली. मग रडारड, गाडी, दवाखाना.

त्यांच्याकडून ती मागून कोणीच घेतली नाही. हे माझ्या ध्यानात आलं त्या उघड्या खोक्यासमोर, मांडीवर मेथीची काडी धरून.

तनुजाला मी पंखा पुसायला फडकं दिलं. एक्स्चेंजमधल्या बाईनं असलं बोलू नये.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. चंपत बाजारात गेला होता. बाहेर हायवेवरचे जीपवाले अकोला, अकोला ओरडत होते. तनुजानं सगळं झोपवलं, बोटं मोडली आणि बसली. ती खेळायला लागली की तिची मान हलत नाही, खांदे हलत नाहीत. फक्त मनगट, तेही एवढंसं. गाणारा समेवर येण्याआधी असा स्थिर होतो. मला अभिमान वाटला.

पहिला डाव जिंकले. दुसरा हरले. तिसऱ्यात पडदा अडकला.

"तनुजा," स्पीकरमधून अश्वजितचा आवाज आला. त्या दिवशी हेडफोन तिनं मानेवर घेतला होता. "परत तेच होऊन राह्यलं का?"

"नाही. चालू हाये."

परत अडकला. तरी तिचा हात तसाच, तोल तसाच. नाव नसलेली ओळ तिनं बंद केली. ओळ आली. पुन्हा बंद केली. पुन्हा आली, आणि पडदा आधीपेक्षा जास्त वेळ थांबला. सूर कापत होता. मला दिसत होतं, कोणीतरी पाय बदलतंय. पडणार आहे.

मी खाटेवरून उठले.

टेबलाखाली खोकं होतं. मी वाकले, त्याच्या पायाला हात लावला, हात कपाळाला लावला.

उभी राहिले. दोन्ही हात पुढं केले.

"आणा भाऊ," मी हळूच म्हणाले. "मी उभी राह्यते."

सूर थांबला.

मग डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. हलकं. वाळलेल्या भोपळ्याएवढं.

पडद्यावर ती ओळ नव्हती. खेळ असा वाहू लागला, जसा पाटाला मोकळं पाणी मिळावं. तनुजानं मान किंचित तिरपी केली, आणि मग जे केलं ते मला समजलं नाही, पण स्पीकरमधून चौघांचे आवाज एकदमच आले. अश्वजित हसत होता. कोणीतरी रडतही होतं.

"कॅमेरा लाव न, तोंड पाहू दे," तो म्हणाला. तिनं लावला.

"मागं कोण बसलं आहे?"

"आत्या हाये माझी."

"आत्या तर उभ्या आहेत न. खाटेवर ते फेटेवाले बाबा कोण?"

तनुजानं वळून पाहिलं. खाट रिकामी होती. "काय फेकून राह्यला," ती म्हणाली आणि हसली.

मी पाहिलं तेव्हा चादर मधोमध दबलेली होती. दमलेला माणूस बसल्यावर दबते तशी. बघता बघता ती हळूहळू वर आली.

"बस न आत्या, काहून उभी हायेस?"

"बसते," मी म्हणाले. गुडघे वाकले नाहीत.

पुढचे दिवस मी चालले, वाकले, स्वयंपाक केला. बसणं तेवढं जमलं नाही. झोप भिंतीला टेकून लागायची. चंपत म्हणायचा, "बाई, तुले गुडघ्याच्या गोळ्या देऊ का डोक्याच्या, तेच समजून नाही राह्यलं." मी हसायचे. खरं सांगायचं तर दुखत काही नव्हतं. हाडाशी लागून अखंड तो सूर, आणि त्यात पारावरची सगळी कीर्तनं. देवानं मला एवढं दिलं, ते मी मरेपर्यंत धरून ठेवीन असं ठरवलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर एखादं प्रेमाचं माणूस मागून बसेल.

तनुजाला पुण्याचं बोलावणं आलं. अकोल्याहून रेल्वे होती. तिला एसटीत बसवायला मी स्टँडवर गेले. तिची पिशवी मीच घेतली होती, डाव्या खांद्याला.

बस लागली. ती माझ्या पाया पडली, उठली, दोन्ही हात पुढं केले.

"आण आत्या, दे इकडं."

मी पिशवी खांद्यावरून काढून तिच्या हातात दिली.

बस जवळजवळ रिकामीच होती. धूळ उडवत ती हायवेला वळली. मागच्या काचेतून मला तनुजा दिसत राहिली. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या होत्या. ती मधल्या वाटेत ताठ उभी होती. मान स्थिर, डोळे अर्धे मिटलेले.

मी हात हलवला. मग माझ्या लक्षात आलं, की मी स्टँडच्या बाकावर बसले आहे.