पूर्ण किमतीचा खेळ

किमतीच्या चिठ्ठ्या बदलणारी गिऱ्हाइकं थोरलीनं पुष्कळ पाहिली होती. पण या मेल्याची तऱ्हाच न्यारी! दुकानात येऊन व्हिडिओ गेमची तीच एक डबी उचलायची, वरची चिठ्ठी नखानं खरवडायची, निम्म्या किमतीची चिकटवायची आणि काही न घेताच चालू पडायचं. ही कुठली रीत?

तिसऱ्या खेपेला तिनं त्याचं मनगटच धरलं.

"चोरायचं तर नीट चोरा की!"

"माझाच गेम आहे हो... मी बनवलाय." कानाच्या पाळ्या लालबुंद.

"म्हणजे पोटच्या लेकराची किंमत उतरवताय?"

"छोटा आहे. चार तासांत संपतो. एवढे पैसे मोजून लोक शिव्या घालतील..."

वडिलांमागं व्हिडिओ गेमचं दुकान ही थोरली लेकच बघायची. तिचा नेम असा, की प्रत्येक गेम आधी स्वतः शेवटपर्यंत खेळायचा, मगच किंमत लावायची. बड्या कंपनीचा भिकार गेम ती मातीमोलानं काढायची. पटला नाही तर आठ दिवसांत पैसे परत. याच्या गेममध्ये एक म्हातारी धुक्यातून घरोघरी दिवे लावत जाते, बस एवढंच. पण शेवटचा दिवा लागला, तसा थोरलीनं गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता. तिनं सगळ्यांत वरची किंमत लावली. तेव्हा या बाबाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

आता मात्र रोज पाहत होती. रोज येऊन विचारायचा, "परत आला का?" एकच प्रत खपली होती. ती परत आली, तर गेमचा नाद सोडून परगावी काकांच्या फरशीच्या दुकानात बसेन, असा शब्द त्यानं घरी दिला होता. थोरली एकेक दिवस मोजायची. आपली पारख चुकली असली तर... हा जायचा की!

आठव्या दिवशी संध्याकाळी ते गिऱ्हाईक आलंच. मिशीवाले मास्तर, हातात तीच डबी. चिठ्ठीचोर कपाटामागं दडला.

"महाग पडला. लगेच संपतो."

"किती वेळा संपवलात?"

मास्तर घुटमळले. "दोनदा... हिच्याबरोबर बसून आणखी एकदा."

"तीनदा जेवून ताट परत करताय होय? घ्या, पैसे घ्या." तिनं नोटा पुढं केल्या खऱ्या, पण चिमटीतून सोडवेनात.

मास्तरांनी नोटा पाहिल्या, डबी पाहिली... आणि डबी पिशवीत कोंबली. "राहू द्या. घरी ही मला उभं करायची नाही."

ते गेले तसा तो बाहेर आला. डोळे भरलेले, तरी मान खालीच. "नशीब म्हणायचं... तरीपण, थोडी कमी करू या का?"

थोरलीनं चिठ्ठ्यांचं भेंडोळं गल्ल्यात टाकलं, कुलूप लावलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे बघा, गेम सोन्यासारखा आहे, त्यातला एक पैसा उतरणार नाही. बनवणारा मात्र भित्रा, लाजरा आणि चिठ्ठीचोर! तरी मला तोच हवाय. उद्या तुमच्या आईला घरी थांबायला सांगा, मी येतेय."