पिवळ्यावर जांभळं

मार्चमधल्या एका टळटळीत दुपारी सीताबर्डीच्या दुकानात एक डोकं शिरलं. घामानं चिकटलेलं आणि रंगानं, आता खोटं कशाला बोला, पिकल्या पपईसारखं. डोक्याखाली सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा होता. खांद्याला हत्यारांची थैली होती, बोटांना ग्रीस लागलेलं होतं.

“मॅडम, याचं... काही होते का?” त्यानं स्वतःच्याच डोक्याकडे बोट दाखवलं.

रोशनी मेश्राम तीन वर्षांपासून त्या दुकानात केसांच्या रंगाचा काउंटर सांभाळत होती. हळदीच्या आदल्या दिवशी रडत आलेल्या नवऱ्या मुली तिनं पाहिल्या होत्या, भुवया जाळून घेतलेल्या काकू पाहिल्या होत्या. आपल्याला आता कशाचंच काही वाटत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

“कोणी केलं हे, भाऊ?”

“विक्कीनं. दोस्त हाय माझा, कन्हानले सलून हाय त्याचं. लग्नात नाचायचं होतं म्हणून गोल्डन मारलं. पहिले आठ दिवस एकदम हिरो दिसत होतो... मंग हे पितळ झालं.”

“होणारच. बोरचं पाणी अन् हे असं ऊन. ब्लीच केलेल्या केसातलं पिवळं वर येते.” तिनं मागच्या फळीवरून जांभळ्या शाम्पूची बाटली काढून समोर ठेवली. “हफ्त्यातून एकदा लावा. ओल्या केसाले लावायचं, तीन मिनिटं ठेवायचं, धुवून टाकायचं.”

“जांभळ्यानं पिवळं जाते? असं कसं?”

“घरी पांढऱ्या शर्टाले नीळ देते ना? ही केसांची नीळ समजा.”

हे वाक्य ती दिवसातून दहा गिऱ्हाइकांना ऐकवायची. नऊ जण मान हलवून विसरून जायचे. हा दहावा विसरणाऱ्यातला नव्हता, हे तिला तेव्हा कुठून ठाऊक असणार!

“अन् तीनाचे दहा मिनिटं झाले तं?”

“तं डोक्याचं वांगं होईल.”

तो हसला. हसताना त्याचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला दिसला. रोशनीनं तो पाहिला आणि बिल फाडलं.

त्याचं नाव अंकुश गजभिये. राहायला कन्हानला, धंदा कूलर दुरुस्तीचा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरवाल्याला देवासारखी हाक मारतात, पाणी प्यायला सवड देत नाहीत. तरी दर गुरुवारी दुपारी अंकुश काउंटरसमोर हजर. एका गुरुवारी विचारायला आला, “केस ओले म्हणजे किती ओले?” पुढच्या गुरुवारी, “गार पाण्यानं धुवायचं का कोमट?”

“एप्रिलात गार पाणी तुले कुठं भेटते?” रोशनी म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ‘भाऊ’ तर त्याच्याही आधी गळून पडलं होतं.

मे लागला तेव्हा त्याचे प्रश्न संपले. तो नुसताच उभा राहिला. “पाहून सांग ना... गेलं का पिवळं?”

ती काउंटरच्या बाहेर आली, त्याचं डोकं ट्यूबलाइटखाली वाकवलं आणि दोन बोटांनी केस बाजूला केले. पिवळं बरंचसं गेलं होतं. पण तिची नजर मुळांवर थांबली. दोन महिन्यांत मुळाशी बोटभर काळं दिसायला हवं होतं. नव्हतं.

“मुळं काळी काहून नाही झाली गा तुझी?”

“माझे केस... हळू वाढते.”

“कोणाले सांगून राहिला? माझा धंदाच आहे हा.”

त्याचे कान लाल झाले. तो थैली उचलून म्हणाला, “गड्डीगोदामले एक कूलर टपकून राहिला,” आणि निघून गेला. रोशनी रिकाम्या दारातून येणारी झळ तोंडावर घेत उभी राहिली. हा बाबा पुन्हा पुन्हा ब्लीच करून घेतो. केस काळे झाले तर शाम्पू लागणार नाही, शाम्पू लागला नाही तर इथं यायचं कारण उरणार नाही. तिला आनंद झाला, चांगला पोटातून झाला. पण बोलायचं त्यानं. केस काय, विक्कीही रंगवून देईल. तोंड कोण उघडून देणार?

दोन गुरुवार गेले. तोंड काही उघडलं नाही.

इकडे घरी तिच्या वडिलांनी स्थळ आणलं. रविंद्र मेश्राम म्हणजे निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून घरातलं सगळं त्यांनी शिकून घेतलं, आणि शर्टाला नीळ देणं तर असं शिकले की त्या कामाला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. दर रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून बुद्धविहारात जायचे. स्थळ वर्ध्याचं, मुलगा सरकारी नोकरीतला. येत्या रविवारी दुपारी चारला पाहुणे येणार होते. मुलगी नाही म्हणत नाही, म्हणजे हो म्हणते, असा त्यांचा हिशेब होता. आणि नाही म्हणायचं तर कोणाच्या भरवशावर, हा रोशनीचा प्रश्न होता.

गुरुवारी अंकुश नवी बाटली घ्यायला आला. तिनं ती त्याच्या पुढ्यात ठेवली.

“इतवारी पाहुणे येऊन राहिले. वर्ध्याचे. मले पाहाले.”

अंकुशनं बाटली उलटी केली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागला... वाचतच राहिला.

“अच्छा,” शेवटी तो म्हणाला. “चांगलं हाय.”

आणि गेला. बाटली तिथंच राहिली.

चांगलं हाय म्हणे! रोशनीला इतका राग आला की पुढच्या गिऱ्हाइकाला तिनं काळ्याऐवजी बरगंडी काढून दिली. मग ती बाटली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. का टाकली, ते तिचं तिलाच ठाऊक. शुक्रवारी तो आला नाही. शनिवारीही आला नाही, आणि संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत तिनं सतरा वेळा दाराकडे पाहिलं.

रविवारी सकाळी दहाला इंदोऱ्यातल्या मेश्रामांच्या घराची बेल वाजली. रोशनीनं दार उघडलं तर समोर गुळगुळीत टक्कल केलेला एक माणूस उभा. कानामागं एक हिरवट डाग होता. तिनं ओळखलंच नाही. मग तो कसनुसा हसला, आणि तो चढलेला दात दिसला.

“तू?”

तिच्या पाठोपाठ बाबा आले. टक्कल पाहताच त्यांनी हात जोडले. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतली पोरं श्रामणेर शिबिरात जातात, मुंडण करून दहा दिवस भिक्खूंसारखं चीवर घालतात. बाबांना याचं भारी कौतुक. आपल्याला मुलगा असता तर त्यालाही पाठवला असता, असं ते नेहमी म्हणत.

“श्रामणेर होऊन आला का बाबू? कोणत्या विहारात होता? ये, ये, बस. रोशनी, पाणी आण वं!”

रोशनी पाण्याचा पेला घेऊन आली आणि तिथंच थबकली. अंकुशनं नुसती मान हलवायची होती. एवढ्यावर बाबा खुश झाले असते, पुढचं सगळं सोपं झालं असतं. ‘हो म्हण, मेल्या,’ असं तिच्या मनात आलं. आणि लगेच वाटलं, नको म्हणू.

“नाही काका,” अंकुश म्हणाला. “श्रामणेर नाही. मी... नीळ लावली होती.”

“कशाले?”

“डोक्याले.”

बाबांनी रोशनीकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे.

“यायनंच सांगतलं होतं, केसांची नीळ म्हणून. बाटली दुकानात विसरलो, अन् परत मागाले जायची हिंमत नाही झाली. तुमच्या घरी पिवळं डोकं घेऊन कसं यावं म्हणून आईची नीळ ओतली. हिरवं झालं काका! पोपट! मंग विक्कीनं सारंच उतरवून टाकलं.”

“किती ओतली?”

“अर्धी शिशी.”

“अर्धी शिशी!” बाबांना हे सहनच झालं नाही. “अबे, बादलीले चार थेंब पुरते!” मग भानावर येऊन त्यांनी विचारलं, “पण आमच्या घरी काहून यायचं होतं गा तुले?”

अंकुशचा हात केसांत फिरायला वर गेला आणि टकलावरून घसरून खाली आला.

“माझे केस हळू नाही वाढत. दोनदा परत ब्लीच केलं मी. काळे झाले तं दुकानात काय म्हणून जाऊ? आता केसच नाही, शाम्पूचंही काम नाही... तरी घर विचारत विचारत आलो. रोशनी मले आवडते, काका. मले तिच्यासंग लग्न करायचं हाय.”

“मंग गुरुवारी ‘चांगलं हाय’ कोणाले म्हणत होता?” रोशनीचा आवाज चढला. डोळ्यांत पाणी होतं, त्याचाही तिला राग आला.

“घाबरलो होतो वं.”

बाबा रोशनीकडे वळले. “तुझं काय म्हणणं हाय?”

ती आत गेली, पर्समधली बाटली आणली आणि टेबलावर ठेवली. “तीन दिवस झाले बाबा, याची बाटली घेऊन फिरून राहिली मी.”

बाबांनी चष्मा लावला. बाटली उचलून बराच वेळ पाहिली. ते आता मुलीच्या लग्नावर काही बोलणार, म्हणून दोघंही त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले.

“हे पांढऱ्या केसाले चालते का?”

“चालते,” दोघं एकदमच बोलले.

“बोरच्या पाण्यानं माझे पिवळे पडून राहिले दोन वर्षांपासून. शर्टाले नीळ देतो, अन् वरती हे असं.” ते उठले. “पहिले वर्ध्याले फोन करतो. उगाच उन्हात कशाले निघतील बिचारे.”

फोनवर ते बराच वेळ माफी मागत होते. मग मागच्या अंगणात सावलीला स्टूल टाकून, खांद्यावर टॉवेल घेऊन बसले. अंकुशनं त्यांचे केस ओले केले आणि जांभळा फेस चोळायला लागला. रोशनी मोबाइलवर तीन मिनिटं लावून शेजारी उभी राहिली. त्यानं मान वर केली, तिनं त्याच्या कानामागचा हिरवा डाग पदराच्या टोकानं पुसला. गेला नाही. तिनं परत पुसला.

“काका,” अंकुश दबकत म्हणाला, “एकदा लावून नाही भागत. दर इतवारी लावा लागते.”

बाबांनी डोळे मिटलेले होते. फेस कपाळावरून ओघळत होता.

“तं येत जा ना मंग,” ते म्हणाले.