हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत

या, बसा. तिन्हीसांज झाली, दिवा लावलाच आहे. मी आपली ही शाल पावलांवर ओढून घेतो. हं, झाकली गेली बघा अगदी बोटांपर्यंत. आता ऐका.

आमच्या चर्चचा एक कारभारी होता. पाठीमागे सगळे त्याला न्यायाधीश म्हणत. कुणी शिंकलं तरी त्यात पाप शोधणारा प्राणी! प्रार्थनेला डोळे मिटायचा तेही अर्धेच. उरलेल्या अर्ध्यांनी उशिरा येणारे टिपायचा. कापडाच्या धंद्यात असले नमुने रोज भेटतात. दुसऱ्याच्या बाहीवरचा डाग त्यांना रस्त्यापलीकडून दिसतो, स्वतःची पाठ मात्र कधी दिसत नाही.

एका दुपारी त्याचा निरोप आला, पांढऱ्या कापडाचं थान घेऊन ये. गेलो. चर्चमागच्या खोलीत धुणी धुणारी एक बाई मरून पडली होती. नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरी राहिलेली, म्हणून हयातीत तिला मागच्या बाकावरही कुणी टेकू दिलं नव्हतं. खोलीत ओल्या दगडाचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास. उशाशी तिची धाकटी बहीण.

"कारभारीमामा, एवढंच करा… तिला अंगभर झाका."

"अंगभर? पायापर्यंत कापड मिळायला लायकी लागते, पोरी!"

त्यानं थानाचं टोक स्वतःच्या हनुवटीखाली धरलं, कापड अंगावरून सोडलं आणि आपल्याच गुडघ्याशी खडूनं रेघ मारली. "इथं काप."

"राहू द्या हो, बाकीचं मी माझ्या पदरचं देतो," मी म्हणालो.

"चर्चच्या मातीत पुरायची असेल, तर माप माझंच चालेल."

मी कात्री चालवली. बहिणीनं तुकडा पसरला. बाई ताडमाड उंच. माझ्या दुकानात शिरताना चौकटीला वाकायची. कापड हनुवटीपासून निघालं, गुडघ्यांवरून गेलं… आणि पावलांवरून खाली ओघळलं. कुणीही ओढलं नव्हतं.

"जास्त कापलंस तू," न्यायाधीश पुटपुटला.

"कात्री तुमच्या रेघेवरूनच गेली."

दुसऱ्या दिवशी तो अंथरुणाला खिळला. जाडजूड घोंगडी घेऊन ये, म्हणून माझ्याकडे माणूस आला. मी स्वतः त्याच्या अंगावर घातली. गुडघ्याशी येऊन थांबली. खाली ओढली, तर छाती उघडी पडली, पण खालची कड तसूभर हलेना. दुसरी आणली, तिचंही तेच. गुडघ्याखाली पाय निळे, गारढोण. आणि दोन्ही गुडघ्यांवर आडवी, पांढरी, खडूची रेघ. पुसली तरी जाईना.

"कमी देतोस… चोरा…" त्याचे दात वाजत होते.

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. बरी जिरली, म्हटलं. आपल्याच मापात सापडला!

इतक्यात दार लोटून ती बहीण आत आली. हातात कोमट पाण्याचं भांडं.

"याचे पाय धुणार?" मी खेकसलो. "ताई, कालचं विसरलीस का?"

"विसरेन कशी, भाऊ? पण प्रभूनं घात करणाऱ्या शिष्याचेही पाय धुतलेच की. आधी माप नाही काढलं."

तिनं हळूहळू ते पाय धुतले. मग खांद्यावरची विरलेली शाल काढून त्याच्यावर घातली. एवढीशी ती शाल… पार बोटांपर्यंत पोचली. रेघ पाण्याबरोबर गेली.

त्यानं शालीची कड चाचपली. मग म्हणाला, "तुझ्या बहिणीचं… नाव काय होतं गं?"

तो उठला, हिंडू-फिरू लागला. आता मागच्या बाकावर बसतो. पण तोंड? तेच ते, एरंडेल प्यायल्यासारखं! रडला, बदलला म्हणतात; माझा नाही विश्वास. असली माणसं कधी सुधारतात होय? ढोंगी मेला! हसताय काय, खरंच सांगतो…

थांबा.

गार काय लागतंय? ती शाल जरा खाली ओढा बरं. अहो, ओढा… नीट जोर लावून ओढा. येत नाही? मग तो दिवा इकडे आणा… माझ्या गुडघ्यावर हे पांढरं काय आहे?

आणि तुम्ही का पाय पोटाशी घेतलेत?