उजव्या बाहीवरचे पंख

"मी हा बिल्ला लावणार नाही! काय वाट्टेल ते झालं तरी लावणार नाही!"

स्नेहलने बिल्ला टेबलावर आपटला. बिल्ल्यावर कवटी होती आणि कवटीखाली दोन हाडं. नगरच्या भाड्याच्या कपड्यांच्या दुकानातून आलेल्या गाठोड्यात असे वीस बिल्ले निघाले होते. शिवाय रंगीबेरंगी ठिपक्यांचे शर्ट आणि काळ्या टोप्या.

"अगं पोरी, लांबून कुणाला दिसतंय?" राधाकृष्ण अण्णा म्हणाले. अण्णा निंबदऱ्याच्या स्मारक समितीचे अध्यक्ष. "एक मे रोजी शहीद कानिफनाथांच्या पुतळ्याचं अनावरण. तुम्ही मुलांनी पंधरा मिनिटांचा जिवंत देखावा करायचा. पोरं उड्या मारतील, फटाके वाजतील, लोक टाळ्या पिटतील. संपलं!"

"संपलं कसं, अण्णा?" फैयाज पुढे आला. "कानिफनाथ एकाहत्तरच्या लढाईत पॅराशूट घेऊन विमानातून उतरले होते. जत्रेतले बिल्ले लावून नाही!"

"मग तुम्हीच बघा काय ते! पण खर्च वाढता कामा नये," असं म्हणून अण्णा मंडपवाल्याला फोन लावत निघून गेले.

"ऐकलंत ना?" स्नेहलचे डोळे चमकले. "आपणच बघायचं!"

निंबदरा हे कर्जत तालुक्यातलं छोटंसं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे करायला काही नसतं, असं त्यांचा मित्र अमृत रोज सकाळी जाहीर करायचा. त्या दिवसापासून त्याने ते बंद केलं. तिघांनी सपाटाच लावला. स्नेहल नि अमृत नगरला जाऊन टँक म्युझियम पाहून आले. तिथे रणगाडेच रणगाडे! पण वाचनालयात त्यांना लढाईची दोन जाडजूड पुस्तकं मिळाली. फैयाजने तेव्हाच्या पॅराट्रूपर्सचे फोटो शोधून छापून घेतले. साधे हिरवे शर्ट, डोक्यावर मरून रंगाची तिरकी टोपी, म्हणजे बेरे, आणि बाहीवर पॅराशूटचं चिन्ह. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, मधोमध उघडलेली छत्री.

स्नेहलची आई गावात शिवणकाम करायची. मशीन मोकळं असलं की तिघं तिथे ठाण मांडायचे. मरून कापडाच्या टोप्या तयार झाल्या, हिरव्या शर्टांना खिसे लागले. आता उरले पंख.

"शिवला बघ पहिला!" अमृतने शर्ट नाचवला.

"डाव्या बाहीवर?" फैयाज ओरडला. "अरे येड्या, उजव्या बाहीवर असतो!"

"येडा तू! हे बघ!" अमृतने शाळेची जुनी स्मरणिका उघडली. त्यात गावच्या दोन जवानांचा फोटो होता. दोघं एकाच पलटणीत होते. एक परत आला, एक आलाच नाही. समितीने हाच फोटो शिल्पकाराला दिला होता. "दोघांच्याही डाव्या बाहीवर आहे. आपल्या गावचे जवान खोटे का?"

फैयाजने छापलेले सगळे फोटो जमिनीवर मांडले. प्रत्येक फोटोत पंख उजव्या बाहीवर होते. प्रत्येक टोपीचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर होता. स्मरणिकेत मात्र तोही उजव्या डोळ्यावर!

"दोघंही चुकतील?" अमृत हट्टाने म्हणाला. "आणि लष्करात? साहेबांनी तिथल्या तिथे पळवलं असतं!"

स्नेहलने स्मरणिका जवळ ओढली. ती फोटोवर इतकी वाकली की तिचं नाक कागदाला टेकलं.

"आई, पुरुषाच्या शर्टाची कुठली पट्टी वर असते गं?"

"डावी," आई मशीन न थांबवता म्हणाली.

"इथे उजवी वर आहे. दोघांच्याही!" स्नेहल ताडकन उठली. तिने मोबाईलवर स्मरणिकेतल्या पानाचा फोटो काढला आणि बोटाने तो आरशातल्यासारखा उलटवला. पंख उजव्या बाहीवर आले, टोपीचा बिल्ला डाव्या डोळ्यावर आला. "छापताना फोटो उलटा पडलाय!"

"हात्तिच्या! मग तर मीच..." अमृत बोलता बोलता थांबला. स्नेहलचा चेहरा पांढरा पडला होता. ती फोटोखालची ओळ वाचत होती.

"डावीकडून : कानिफनाथ, अब्दुल."

अमृतनेही ती ओळ वाचली. मग फैयाज हळूच म्हणाला, "फोटो उलटा झाला, पण नावं तशीच राहिली. म्हणजे डावीकडचा माणूस..."

"कानिफनाथ नाहीच! आपण दुसऱ्याच माणसाचा पुतळा केलाय!" स्नेहल ओरडली.

तिघं धावतच मुक्ताबाईंच्या घरी गेले. मुक्ताबाई म्हणजे कानिफनाथांची धाकटी बहीण. आता सत्तरीला आलेल्या, गावात एकट्याच राहायच्या. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलांचं ऐकलं आणि त्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"मी सांगितलं हुतं गं पोरी! पुतळा आला तवाच सांगितलं, ह्यो माजा दादा न्हाई. तर समितीवाले म्हनले, आजी, तुमाला मोतीबिंदू हाय, नीट दिसत न्हाई. दादाचा येकच फोटो हुता घरात. त्यो स्मरनिकेला दिला, त्यो काय परत आला न्हाई. मग काय दाखवू मी?"

"आणि ते दुसरे? अब्दुल?"

"अब्दुलभाई? फौजेतनं आले आन् नगरला गेले. नागापुरात वर्कशॉप टाकलं म्हनं. हायत का न्हाई, ते बी ठावं न्हाई."

स्नेहल त्यांच्याजवळ जाऊन बसली. स्वतःच्या भावाचा चेहरा ओळखायला या आजींना कुणाची परवानगी लागत होती?

अण्णा मंडपात खांब मोजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"बटणं आणि बाह्या! यावरून मी पुतळा बदलू? पत्रिका वाटून झाल्यात, पाहुणे यायचेत. मुकाट्याने तालमी करा, नाहीतर तुमचा देखावा रद्द!"

"करा रद्द!" स्नेहल म्हणाली. ती मागे सरली नाही. "चुकीच्या माणसासमोर आम्ही देखावा करणारच नाही!"

"नाहीच करणार!" अमृत आणि फैयाज एकदम म्हणाले.

"पुरावा आहे का तुमच्याकडे? पुस्तकातल्या चित्रांशिवाय?"

"नाही," फैयाज म्हणाला. "आणतो!"

फैयाजचा अझहरमामा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याने दोन दिवस शेडमागून शेड पालथी घातली आणि मग त्याचा फोन आला. "मिळाले! या लवकर!"

स्नेहलच्या आईने शिवणकाम बाजूला ठेवलं आणि तिघांना घेऊन ती एसटीत बसली. नागापुरात लेथ मशीनच्या घरघरीत, खुर्चीवर एक उंच म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांच्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण होती.

"सलाम चाचा," फैयाज म्हणाला, "आम्ही निंबदऱ्याहून आलोय. कानिफनाथांसाठी."

पेपर खाली आला. "कानिफ? आज किती वर्षांनी कुणी त्याचं नाव घेतलं माझ्यापुढे!"

स्नेहलने मोबाईलवर पुतळ्याचा फोटो दाखवला. अब्दुलचाचांनी चष्मा लावला आणि ते मोठ्याने हसले. "अरे, हा तर मी! माझा पुतळा कशाला? मी तर जिवंत आहे!" मग त्यांना खाली कोरलेलं नाव दिसलं आणि हसू विरलं.

"त्या संध्याकाळी विमानाच्या दारात तो माझ्या पुढे होता. उडी मारायच्या आधी वळून म्हणाला, अब्दुल, खाली भेटू. खाली भेटलाही. पुढच्या लढाईत मात्र..." त्यांनी चष्मा काढला. "त्याचा हार माझ्या गळ्यात घालणार? नाही बेटा. चला, मी येतो."

अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात माळा लावणं चाललं होतं. अझहरमामाची गाडी थांबली. अब्दुलचाचा काठी टेकत सरळ चौथऱ्यापाशी गेले आणि त्यांनी पुतळ्यावरचं कापड ओढलं.

"ओ! कोण तुम्ही?" अण्णा धावले आणि जागीच थबकले. तेच नाक, तीच हनुवटी, तेच मोठे कान! फक्त पुतळ्याच्या उजव्या भुवईवर जी खूण होती, ती समोरच्या माणसाच्या डाव्या भुवईवर होती.

"आरशात दिसते तशी!" अमृत किंचाळला. "उलटा फोटो! आता बोला!"

अण्णा पुतळ्याकडे आणि चाचांकडे आळीपाळीने पाहू लागले. चाचांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. तोच फोटो, पण सुलटा. त्यांनी तो जपून ठेवला होता. गर्दीतून वाट काढत मुक्ताबाई आल्या. त्यांनी फ्रेम डोळ्यांजवळ धरली. काचेवरून बोट फिरवलं.

"ह्यो माजा दादा," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय. नीट दिसतंय!"

अण्णा त्यांच्या पाया पडले. "चुकलं आजी. आम्ही तुमचं ऐकायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी अनावरण झालं ते कानिफनाथांच्या फोटोचं. हिरवे शर्ट, मरून टोप्या आणि उजव्या बाहीवर पंख लावलेली वीस मुलं मैदानात उतरली, तेव्हा पहिल्या रांगेत अब्दुलचाचा उठून उभे राहिले आणि देखावा संपेपर्यंत बसलेच नाहीत.

अण्णांनी माईक हातात घेतला. "या पोरांना मी गप्प बसायला सांगितलं होतं. ती गप्प बसली नाहीत, म्हणून आज गावाची लाज राहिली!" टाळ्या थांबेनात. आजींनी तिघांच्या तोंडात पेढे कोंबले.

"चाचा, आता तुमच्या पुतळ्याचं काय करायचं?" पेढा चघळत अमृतने विचारलं.

चाचांनी चौथऱ्यामागे ठेवलेल्या त्या पितळी चेहऱ्याकडे पाहिलं.

"वितळवा," ते म्हणाले. "आणि त्याच पितळेचा कानिफ घडवा. मुक्ताताईला समोर बसवून, तिला विचारत!"