नोंदीतलं कोठार

काउंटीच्या असेसर ऑफिसात, म्हणजे घर-जमिनीच्या कराच्या कचेरीत, डोरीन हावलिक तिसऱ्या वर्षी तीच तक्रार घेऊन उभी होती. तिच्या शेताच्या नोंदपत्रावर चाळीस बाय साठ फुटांचं लाकडी कोठार होतं, शेतात नव्हतं. ते १९७३ सालीच जळून गेलं होतं. तेव्हा डोरीन नऊ वर्षांची होती. तिची धाकटी बहीण लिबी, सहा वर्षांची, आत होती.

"जूनमध्ये खोडलं होतं गं आम्ही," खिडकीपलीकडची नादीन म्हणाली. दोघी शाळेत एका वर्गातल्या. "जानेवारीत विमानातून काढलेले नवे फोटो आले, त्यात परत आहे. बघ तूच."

फोटोत छप्पर होतं. उत्तरेला त्याची सावलीही पडली होती. डोरीनने पाहिलं आणि तिला काहीच वाटलं नाही. लिबीचं नाव निघालं की तिला काही वाटेनासं होऊन अर्धशतक झालं होतं. तेव्हा आई रडायची, वडील प्यायचे आणि ही आपली भांडी घासायची.

"शुक्रवारी सह्या आहेत," ती म्हणाली. "नोंद आणि जमीन जुळल्याशिवाय बँक घेणाऱ्याला कर्ज देत नाही. मला ते शेत विकून ओमाहाला लेकीकडे जायचंय, नादीन. त्या जागेचं तोंड पुन्हा बघायचं नाहीये मला."

"मग मायलोला पाठवते. तो डोळ्यांनी बघून 'काही नाही' असं लिहील, की सुटलीस."

काउंटीचा मोजणीदार मायलो क्रेसा दुपारी दोनला शेतावर आला, तेव्हा डोरीन तिथेच थांबली होती. निम्म्या काउंटीची घरं त्याने मोजली होती. बायकोच्या माहेरी गेला तरी भिंतींना फीत लावतो, असं लोक म्हणत. शेतात घोट्याइतकं गवत होतं. बाकी पायाचा दगडसुद्धा नव्हता.

"मोकळं रान आहे की हो!" तो हसला. "आमच्या ऑफिसला चष्मा लावून द्यायला हवा. तरी मोजल्यासारखं करतो, नाहीतर नादीन माझं डोकं खाईल."

मोजणीदार एकटेच फिरतात, म्हणून फितीचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला अडकवायची त्यांना सवय असते. मायलोचा हात तसाच पुढे गेला. टोक हवेत सोडून तो मागे चालू लागला.

फीत पडली नाही.

ती कमरेच्या उंचीवर ताणलेली राहिली, वाऱ्याने थरथरत. मायलो थांबला, आकडा वाचला. चाळीस. त्याचं हसू मावळलं होतं. मग तो वळला आणि दुसरी बाजू मोजू लागला. साठ.

"मायलो, टाक ती फीत," डोरीन म्हणाली.

"थांबा जरा. आतलंही विचारावं लागतं." आवाज अगदी ऑफिसातला, कोरडा.

रिकाम्या गवतासमोर उभं राहून त्याने हवेत तीनदा ठोकलं. आवाज आला नाही, निदान डोरीनला तरी. मग तो गुडघ्यांत वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळूच काहीतरी विचारलं. ऐकलं. मान हलवली. लिहिलं.

जाताना त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. अहवालाची प्रत मात्र दिली. मालकाला ती द्यावीच लागते.

कोठार, लाकडी. स्थिती चांगली.

माहिती कोणी दिली: मुलगी, दाराआडून.

आतली पाहणी: झाली नाही. बाहेरून कडी. मुलगी म्हणते, डोरीनने लावली, डोरीनच काढेल.

कडीचं डोरीनने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

मायलोची गाडी रस्त्याला लागली. डोरीन त्याने तुडवलेल्या गवतावर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

बोटांना लोखंड लागलं. कढत होतं.