सहा ओळींची फेरी

रत्नागिरीतल्या एका छोट्याशा इंटरनेट ऑफिसात योगिनीने दुपारचा डबा उघडला आणि एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने पावस गावातल्या बागेची लाइन तपासायला घेतली. बाग घरचीच. सकाळपासून तिथले कॅमेरे अडखळत होते, आणि ऐन आंब्यात कॅमेरे अडखळले की चोरांची चंगळ.

ते सहा कॅमेरे तिनेच बसवले होते. तेवढ्यावर न थांबता वडिलांना, भिकाजींना, तिने बजावलंही होतं, "यंदापासून राखण बंद. कॅमेरे असताना राखणदाराला कोंबडा कशाला?" दरवर्षी कुंपणाच्या गडग्याजवळच्या दगडापाशी कोंबडा-नारळ देऊन बाग राखणाऱ्याचा मान करायचा, ही घरची रीत. पण शिकलेल्या लेकीपुढे बापाचं काय चालणार! ते एवढंच म्हणाले, "त्याला उठवलंस, तर त्याच्या जागी कोणतरी उभं राहायला हवं गो." योगिनी हसली होती.

तिने काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली. सहा कॅमेऱ्यांच्या सहा ओळी उमटल्या, प्रत्येकीपुढे तारेतून येणाऱ्या डेटाचा आकडा. कॅमेऱ्यापुढे सगळं स्तब्ध असलं की आकडा लहान राहतो. माणूस, गुरं, वानर काहीही हललं की उसळतो. चित्र न बघता बागेत कोण कुठे आहे ते तिला यावरून कळायचं, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

सहावी ओळ उसळली. गडग्याजवळचा कॅमेरा. बाबा असतील म्हणून तिने चित्र उघडलं. दगड, पाचोळा, ऊन. कोणी नाही. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

सहावी बसली आणि पाचवी उसळली. मग चौथी. माणसाच्या चालीने काहीतरी बागेतल्या खोपीकडे येत होतं आणि चित्र मात्र दर वेळी रिकामं. बाबा खोपीत एकटे असणार. तिने फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"बागेतच. फेरी मारतोय." आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"तिथे कोणीतरी आलंय... आधी खोपीत जा. दार लावून घ्या."

"कोण नाय गो, मीच हाय. कामाला आलेल्या मालनला मघापासून हाका मारतोय. ती बघतसुद्धा नाय..."

पहिली ओळ उसळली आणि वरच राहिली. ते खोपीचं अंगण.

"हा बघ, तुझ्या कॅमेऱ्यापुढेच उभा हाय. हात करतोय. दिसतोय का गो?"

चित्रात आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. पायरीवरचा कुत्रा कान टवकारून, जराही न हलता, अंगणाच्या मध्यावर बघत होता.

"दिसताय, बाबा..." ती कशीबशी म्हणाली.

"मग बरं."

पहिली ओळ बसली.

ती धावतपळत पावसला पोचली, तोवर मालनला भिकाजी सापडले होते. दगडाच्या पलीकडे, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला. अंग थंडगार. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले असावेत. खिशातला फोन बंद होता. योगिनीला रडूसुद्धा फुटेना. मालन तिच्या कानाशी येऊन कुजबुजली, "हाका ऐकल्या मी, ताई... मालकांचाच आवाज. पण भर दुपारची हाक ती. ओ देणारा जातो म्हणतात, म्हणून ओ नाय दिली."

दिवसकार्य आटोपल्यावर योगिनीने कॅमेरे उतरवले आणि तारा गुंडाळून खोपीत टाकल्या. दगडापाशी नाक घासून राखणही दिली. तरी दुपारी पडदा उघडला की सहावीपासून एकेक ओळ उसळत पहिलीपर्यंत यायची, आणि पहिली खाली बसतच नसे. मग ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणायची, "दिसताय, बाबा." तेव्हा कुठे आकडा उतरायचा.

एका रविवारी मैत्रिणीच्या लग्नात पडदा उघडायचा राहून गेला. घरी येतेय तोच आईचा फोन. आवाज कितीतरी दिवसांनी हसरा.

"आज दुपारी हे आले होते गो, ओटीपर्यंत. कोणाला दिसतच नाय म्हणून अगदी रडवेले झालेले..."

"आई... तू काय केलंस?"

"काय करणार? इतक्या हाका मारल्या त्यांनी. ओ दिली. आता बागेतच हाय मी, यांच्याबरोबर. बघ की तुझ्या पडद्यावर..."

योगिनीने लॅपटॉप उघडला. आजवर एका वेळी एकच ओळ उसळायची. पहिली वर होती. तिच्याखालची दुसरीही.