शून्याखालची चार झाडं

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पिंपळझिरे गावातली केळीची बेचाळीस हजार झाडं एकदम मेली. असं काहीही घडलं नाही. त्या दिवशी गावात नेहमीचं ऊन होतं आणि केळी नेहमीसारखी उभी होती.

तरी गावावरून फिरणाऱ्या ड्रोनने तसा अहवाल धाडला होता, आणि नियमाप्रमाणे रोगट बाग संध्याकाळच्या आत उपटायची असते. पहिला जेसीबी वत्सलाबाई भंगाळे यांच्या बांधावर येऊन थांबला. त्यांचे घड पंधरा दिवसांत उतरायचे होते.

“मेली म्हणे!” पानावर हात फिरवत वत्सलाबाई म्हणाल्या. “मग ही उभी आहे ती कोण, हिची जाऊ?”

पीकशास्त्रज्ञ डॉ. नूतन झोपे हातातल्या पडद्यावरून नजर हटवेनात. “असीम, सगळ्यांचा हरितांक शून्य. पण या चार झाडांचा शून्याच्याही खाली.”

“म्हणजे मॅडम, ही मेल्यावर आणखी मेली?” ड्रोनचालक असीम तडवी म्हणाला.

“तेच तर खटकतंय. निरोगी पान तांबडा प्रकाश पिऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त परत फेकतं. त्या दोन्हींतल्या फरकावरून हरितांक निघतो. पण ऊन सारखं बदलतं, म्हणून ड्रोन उडण्याआधी संदर्भफलक, म्हणजे एक पांढरी पाटी, बघून घेतो. फलकावर जे दिसेल, ते त्याच्या लेखी पांढरं.”

फलक वत्सलाबाईंच्याच गच्चीवर बसवला होता. तिघं वर गेली. फलकावर सकाळीच निवडलेली मेथी काठोकाठ पसरली होती.

“मावशी!” असीम ओरडला.

“ओरडतोस काय? स्वच्छ होता, उन्हात होता, रिकामा पडला होता. वाळवणाला आणखी काय लागतं?”

डॉ. झोपे हसत सुटल्या. “यंत्राने मेथीलाच पांढरं मानलं! निरोगी केळीचं पान साधारण मेथीसारखंच, म्हणजे तेही पांढरं. हिरवेपणा शून्य.”

“आणि ती चार?” असीमने विचारलं.

“ती मेथीसारखी नाहीत.” त्यांचं हसू थांबलं.

चारही झाडं वत्सलाबाईंच्या बागेत निघाली. कोवळ्या पानांवर केसाएवढ्या पिवळ्या रेघा. विषाणू, अगदी नुकताच शिरलेला.

असीमने फलक पुसून ड्रोन पुन्हा उडवला. सगळं गाव ठणठणीत निघालं, ती चार झाडंसुद्धा. हजारो हिरव्यांच्या गर्दीत त्यांचा थोडासा फिकेपणा बुडून गेला होता. मेथीने मात्र निरोगी तेवढं पुसून आजारी तेवढं शिल्लक ठेवलं होतं.

वत्सलाबाईंनी ती चार स्वतःच्या हाताने उपटून जाळली. जेसीबी रिकामा परत गेला.

दुपारी डॉ. झोपे यांनी मुख्यालयाला लिहिलं: “सबब, प्रत्येक उड्डाणास ताज्या मेथीची एक जुडी वैज्ञानिक उपकरण म्हणून मंजूर व्हावी, आणि उड्डाणानंतर तिची भाजी झाल्यास ते शासकीय उपकरणाचे नुकसान समजण्यात येऊ नये, ही विनंती.”